हेलसिंकीचे उन्हाळी पाणी : कोठे उतरावे, कोठे थांबावे

बाल्टिक समुद्राच्या उत्तर काठावरील नगरांमध्ये उन्हाळा हा ऋतू असण्यापेक्षा एक मुदतबंद सवलत असतो, आणि ती सवलत कोणत्या दिवशी, कोणत्या किनाऱ्यावर व किती वेळ भोगावी याचा विचार न करता जो पाण्याकडे धाव घेतो, त्याच्या पदरी बहुधा पहिल्याच बुडीत हुडहुडी पडते आणि पुढचे दोन उन्हाळे पुरेल इतका पोहण्याचा तिटकारा तो घरी घेऊन येतो. हेलसिंकी हे अशा नगरांपैकी एक. तीन बाजूंनी समुद्र, समोर लहानमोठ्या बेटांची दाटी, पाठीमागे एस्पो आणि वांता या शेजारनगरांच्या हद्दीत अरण्यातील तळी, आणि या सर्वांवर जूनच्या उत्तरार्धात पहाटे चारच्या आधी उगवून रात्री पावणेअकरापर्यंत न मावळणारा सूर्य. शिक्षणासाठी किंवा संगणक-व्यवसायातील नोकरीसाठी या तीन नगरांत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना पाण्याची कमतरता येथे कधीच भासणार नाही. भासते ती निवडीची अडचण.

सरकारी दप्तरी फिनलंडमधील पोहण्याचा हंगाम १५ जून ते ३१ ऑगस्ट असा नोंदलेला आहे. या मुदतीत नगरपालिका आपल्या सार्वजनिक किनाऱ्यांवरील पाण्याचे नमुने तपासते, आतड्यांतील जंतूंचे प्रमाण पाहते आणि निकाल किनाऱ्यावरील फलकावर लावते. मोठ्या किनाऱ्यांवर हंगामाच्या ऐन काळात जीवरक्षकही नेमलेले असतात. बंदोबस्त असा चोख असल्यामुळे नवागताची समजूत होते की फलक हिरवा असला म्हणजे काम झाले. परंतु फलकावर पाण्याची शुद्धता असते, पाण्याचा स्वभाव नसतो. आणि तो स्वभाव येथे किनाऱ्याच्या नावलौकिकापेक्षा गेल्या दोन दिवसांत वारा कोणत्या दिशेने वाहिला यावर अधिक अवलंबून असतो. म्हणून पुढील मजकुरात जागांचे वर्णन येईलच, पण वाऱ्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

कोकणच्या किनाऱ्यावर पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्रात उतरण्यापूर्वी तिथी पाहण्याची आणि भरती-ओहोटीचा अंदाज घेण्याची सवय असते. ती सवय येथे निरुपयोगी ठरते, कारण डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांनी महासागरापासून जवळजवळ तोडलेल्या या समुद्रात भरती-ओहोटी जाणवण्याइतकी होतच नाही. पाण्याची पातळी बदलते ती वाऱ्याच्या रेट्याने आणि हवेच्या दाबाने, आणि त्या बदलाला पंचांग नसते. काल ज्या खडकावरून पाय पाण्यात पोहोचत होते, तेथे आज अर्धा मीटर ओला दगड उघडा पडलेला दिसतो. असंख्य नद्यांचे गोडे पाणी येऊन मिसळत असल्यामुळे हेलसिंकीपाशी समुद्राचा खारटपणा हजारी पाच-सहा भाग एवढाच, म्हणजे अरबी समुद्राच्या षष्ठांशाइतका. याचा पोहणाऱ्याशी थेट संबंध आहे. मालवण किंवा अलिबागच्या पाण्यात उताणे पडल्यावर शरीर जसे आपोआप वर राहते, तसे ते येथे राहत नाही. आपण किती दमाने पोहू शकतो याविषयीचा घरचा अंदाज येथे थोडा कमी करूनच धरावा. डोळे मात्र चुरचुरत नाहीत, अंगावर मिठाचा थर बसत नाही, आणि लहान मुलांच्या पोटात घोटभर पाणी गेले तर ती तोंड वाकडे करीत नाहीत.

आता वारा. फिनलंडच्या आखाताचा हा उत्तर किनारा साधारण पश्चिम-पूर्व धावतो. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा या किनाऱ्याला समांतर असा दोन-तीन दिवस सलग वाहिला, की पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे सरकते आणि त्याची जागा घेण्यासाठी तळचे थंडगार पाणी वर येते. मग घडते असे की आकाश निरभ्र, हवेत पंचवीस अंशांची ऊब, पुळणीवर माणसांची दाटी, आणि दोन दिवसांपूर्वी एकोणीस-वीस अंशांवर असलेले पाणी मात्र दहा अंशांच्या घरात. नवख्याला हा प्रकार निव्वळ लहरीपणाचा वाटतो; येथील जुने पोहणारे वाऱ्याची दिशा पाहून त्याचे भाकीत करतात. गमतीचा भाग असा की आखातापलीकडे तालिनच्या किनाऱ्यावर नेमका उलटा कायदा चालतो : तेथे पूर्वेचा वारा पाणी थंड करतो. तेव्हा हेलसिंकीत पाणी गोठवणारे असताना तालिनमधील मित्राने समुद्रस्नानाची प्रशंसा कळवली, तर त्याला अतिशयोक्तीचा दोष देऊ नये.

यावरून काढायचा व्यवहारी निष्कर्ष असा. पश्चिमेचा वारा दोन दिवस टिकला असेल तर खुल्या समुद्राकडे तोंड केलेली बेटे आणि दक्षिणेकडील खडपे सोडून द्यावीत, आणि उथळ, आत शिरलेल्या उपसागरांतील किनारे किंवा सरळ अरण्यातील तळी गाठावीत. पाण्याचे तापमान नगरपालिका काही किनाऱ्यांपुरते प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी ते पाहण्यास अर्धा मिनिट लागते आणि मुलांची निराशा वाचते.

वारा मुळीच नसेल तर दुसरे संकट उभे राहते, आणि ते अधिक गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापले, समुद्र निश्चल झाला, की नील-हरित शेवाळ म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म जीवाणू पृष्ठभागावर साचतात आणि पाण्यावर वाटाण्याच्या आमटीसारखा हिरवट थर धरतो. शेतांतून आणि सांडपाण्यातून दशकानुदशके वाहत आलेल्या स्फुरदाचे हे फळ आहे. बाल्टिकच्या तळाशी ते इतके साठले आहे की आज सर्व नद्या स्वच्छ केल्या तरी त्याचा अंमल लगेच उठणार नाही. या जीवाणूंपैकी काही विषारी असतात. त्वचेला खाज, डोळ्यांची आग, पोटात गेल्यास मळमळ, उलटी, ताप असा त्यांचा प्रसाद असतो, आणि लहान मुले पाणी गिळतात व कुत्री ते चाटतात म्हणून त्या दोघांना अशा पाण्यापासून कटाक्षाने दूर ठेवावे लागते. ओळखण्याची रीत सोपी आहे. काठीने तो थर उचलून पाहावा : काठीला लांब तंतू लोंबले तर ते साधे शेवाळ, आणि काठी फिरवताच थर कणाकणांनी विखुरला तर संशयास जागा आहे. शंका उरलीच तर काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन तासभर स्थिर ठेवावे. हिरवे कण वर तरंगून आले, तर त्या दिवसापुरता पोहण्याचा बेत रद्द करावा आणि वाळूत किल्ले बांधावेत. एक दिलासा असा की हे शेवाळ वाऱ्याबरोबर हिंडते. सकाळी भरलेला किनारा संध्याकाळी स्वच्छ होतो, आणि नगराच्या पश्चिमेस ते साचलेले असताना पूर्वेकडील पाणी निर्मळ असू शकते.

जागांकडे वळताना आरंभ हिएतारांतापासून करणे भाग आहे, कारण हेलसिंकीत पोहण्याचा विषय निघाला की प्रत्येकजण प्रथम तेच नाव घेतो. त्योल्यो भागातील ही पुळण नगराच्या मध्यापासून पायी जाण्याजोगी, पश्चिमाभिमुख आणि म्हणून सायंकाळच्या दीर्घ उन्हाची धनी आहे. वाळू भरपूर, उतार सौम्य, कपडे बदलण्याची सोय, शौचालय, खाण्याची टपरी, व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि जीवरक्षक असे सर्व साहित्य येथे जमलेले आहे. पाणी आतल्या उपसागराचे असल्यामुळे ते लवकर तापते. परंतु त्याच कारणाने ते फारसे खेळतेही नाही. जुन्या हेलसिंकीची गटारे पावसाचे आणि घरांचे पाणी एकाच नळातून वाहून नेणारी आहेत, आणि मुसळधार सर आली की ती भरून समुद्रात सांडतात. मोठ्या पावसानंतर नगरमध्याच्या कोणत्याही किनाऱ्यावर दोन दिवस पाण्यात उतरू नये, हा शिरस्ता पाळावा. माझे मत विचाराल तर हिएतारांता हे पाहण्याचे आणि दिसण्याचे ठिकाण आहे. ज्याला खरोखर पोहायचे आहे त्याने तेथे सकाळी आठच्या आत जावे किंवा मग दुसरीकडे जावे.

चार क्रमांकाच्या ट्रामने शेवटपर्यंत गेल्यास मुंक्किनिएमीची छोटी, उथळ पुळण लागते. पाच वर्षांखालील मुलांसाठी ती पुरेशी आहे. लाउत्तासारी बेटावर मेट्रो जाते आणि तेथील दक्षिण टोकाजवळच्या खडकांवर वाऱ्याचा मान राखून बसण्यास जागा चांगली मिळते. एरा भागातील लहान किनारा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बुडी मारून येणाऱ्या नोकरदारांचा. यांविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

कुटुंबासह सबंध दिवस काढायचा असेल तर मी निःसंकोचपणे पूर्वेकडे, वुओसारीकडे बोट दाखवीन. मेट्रोच्या पूर्व टोकाला उतरून थोडे चालले की आउरिंकोलाहतीची लांबलचक पुळण येते. दक्षिणेकडे तोंड, नव्या वसाहतीची घरे पाठीशी, आणि गर्दी पसरून जाईल एवढी रुंदी. तेथून जवळच काल्लाहतीचे भूशिर आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या हिमनद्यांनी वाहून आणलेल्या वाळू-खड्यांची ती एक लांब सोंड असून, दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये पाइनची झाडे अशी तिची रचना आहे. या रचनेचा पोहणाऱ्याला मोठा उपयोग होतो : वारा एका अंगाने झोंबत असेल तर शंभर-दोनशे पावले चालून दुसऱ्या अंगाला जावे, तेथे पाणी शांत असते. उथळपणा इतका की मोठ्या माणसाला कमरेपर्यंतचे पाणी गाठायला बरेच चालावे लागते, आणि पोहायला शिकणाऱ्याला याहून सोयीचे ठिकाण मिळणे कठीण. हा भाग संरक्षित निसर्गक्षेत्रात मोडतो, तेव्हा ठरलेल्या वाटा सोडून झुडपांत शिरू नये.

बेटांपैकी पोहण्यासाठी पहिला मान पिह्लायासारीला. उन्हाळ्यात कैवोपुइस्तोजवळच्या धक्क्यावरून आणि रुओहोलाहतीहून तेथे लाँच जाते. प्रवास अगदी थोडक्या वेळाचा, पण तिकीट नगराच्या वाहतुकीच्या तिकिटात धरलेले नाही, ते वेगळे काढावे लागते, हे ध्यानात ठेवावे. पुलाने जोडलेली दोन बेटे, त्यांवर जुन्या लाकडी बंगल्या, पश्चिमेकडे वाळूचा किनारा आणि उन्हात तापलेले, गुळगुळीत, विस्तीर्ण ग्रॅनाइटचे खडक. बाल्टिकच्या या काठाचे खरे वैभव वाळूत नाही, या खडकांत आहे. पाण्यातून थरथरत बाहेर यावे आणि त्या उबदार दगडावर पालथे पडावे, यात जो आनंद आहे तो कोणत्याही तरणतलावाच्या फरशीवर मिळत नाही. पूर्वेकडील बेटाच्या एका भागात विवस्त्र स्नानाची मुभा आहे आणि तसा फलकही आहे. आजीआजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी पुलाच्या अलीकडेच मुक्काम करावा, म्हणजे कोणालाच संकोच होणार नाही. सेउरासारी या खुल्या संग्रहालयाच्या बेटावरही स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी निरनिराळे असे विवस्त्र स्नानाचे किनारे आहेत. हा येथील समाजाचा जुना आणि सभ्य रिवाज आहे. त्याकडे टक लावून पाहणे असभ्य ठरते, आणि छायाचित्र काढणे तर सर्वथा वर्ज्य.

सुओमेनलिन्ना या सागरी दुर्गाला प्रत्येक पाहुणा जातोच. १७४८ मध्ये स्वीडिश अमदानीत बांधकामास आरंभ झालेला आणि १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेला हा किल्ला बाजारचौकापासून पाव तासाच्या अंतरावर असून तेथे नगरवाहतुकीचे साधे तिकीट चालते. किल्ल्याच्या दक्षिण भागात, तटाच्या आडोशाला एक लहानशी पुळण आहे आणि तेथे स्नान करण्यास हरकत नाही. परंतु कुस्तान्मिएक्का सामुद्रधुनीच्या कडेच्या खडकांवरून पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, हे येथे ठासून सांगणे मला कर्तव्य वाटते. स्टॉकहोमकडे जाणारी प्रचंड प्रवासी जहाजे त्या अरुंद वाटेतून जातात. जहाज दिसते डौलदार आणि चालते संथ, पण ते पुढे सरकताना खडकाजवळचे पाणी आधी मागे ओढले जाते आणि मग जोराने उसळून परत येते. कोकणातल्या लाटांना तोंड दिलेला पट्टीचा पोहणाराही या ओढीपुढे टिकेलच अशी खात्री देता येत नाही, कारण निथळ शांत पाण्यात ती पूर्वसूचना न देता येते.

वारा, शेवाळ, जहाजे यांपैकी कशाचाच भरवसा नको असेल, त्याने ऑलिंपिक स्टेडियमशेजारचा उइमास्टाडिओन गाठावा. योर्मा यार्वी या वास्तुशिल्पकाराने १९४० च्या ऑलिंपिकसाठी आखलेला हा उघडा तरणतलाव युद्धामुळे रखडला, १९४७ मध्ये पुरा झाला आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या स्पर्धा येथेच भरल्या. बारा वर्षेही पूर्ण न झालेली आरती साहा आणि डॉली नझीर या दोघी भारताकडून याच पाण्यात उतरल्या होत्या. त्यांतील आरती साहा हिने पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. मराठी वाचकाला या परिसराचे आणखी एक ममत्व आहे. येथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्योल्योमध्येच, तेव्हा मेस्सुहाल्ली म्हणून ओळखले जाणारे प्रदर्शनगृह उभे आहे. आज ते क्रीडागृह म्हणून वापरात आहे. त्या वास्तूत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी कुस्तीतील कांस्यपदक मिळवले, आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. सकाळी पन्नास मीटरच्या तलावात पोहून, दुपारी त्या इमारतीपुढे मुलांना उभे करून ही हकीगत सांगावी. उन्हाळ्यातील एक दिवस याहून चांगला कारणी लागणे कठीण.

या तलावाचे पाणी तापवलेले असते आणि तो साधारणपणे मेपासून सप्टेंबरपर्यंत उघडा राहतो, म्हणजे समुद्राच्या हंगामापेक्षा पुष्कळच अधिक. मात्र येथील दस्तुर आपल्याकडच्या तरणतलावांहून कडक आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख अंगावर न ठेवता साबणाने स्नान करणे सक्तीचे. हे स्नान स्त्रियांच्या व पुरुषांच्या स्वतंत्र विभागांत सामायिक शॉवरखाली होते, पडदा नसतो, आणि कोणी कोणाकडे पाहतही नाही. पोशाखाच्या आत अंतर्वस्त्रे घालून उतरणे, खिशांची लांब चड्डी घालून उतरणे, डोक्याला तेल लावून येणे, या तिन्ही गोष्टी जीवरक्षकाच्या शिटीला निमंत्रण देतात. लांब केस बांधावेत. आपल्या लोकांना पहिल्या दिवशी या सामायिक स्नानाचा फार बाऊ वाटतो. तिसऱ्या खेपेस तो उरत नाही.

समुद्र, तापवलेला तलाव आणि सौना असे तिन्ही एकाच ठिकाणी हवे असतील तर बाजारचौकालगत आल्लास हे तरंगते स्नानगृह २०१६ पासून आहे. तेथे एक तलाव ऊन पाण्याचा आणि एक खुद्द समुद्राच्या पाण्याचा, समुद्राच्याच तापमानाचा. प्रवेशमूल्य जरा जबर आहे, पण ज्यांच्याकडे एकच दिवस आहे अशा पाहुण्यांना तेथे नेणे सोयीचे पडते. त्याच वर्षी हेर्नेसारीच्या टोकाला लोयल्यू हे लाकडी बांधणीचे सौनागृह उघडले. तेथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि म्हणून पोहण्याचा पोशाख आवश्यक असतो, तर जेथे सौना स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळ्या असतात तेथे तो काढून बसण्याची रीत आहे. सौनातून निघून पायऱ्यांवरून थेट समुद्रात उतरण्याची मजा ज्या दिवशी पाणी थंड असेल त्या दिवशी अधिक येते. म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याने किनारे निकामी केले तरी सौनावाल्यांचे काही बिघडत नाही, उलट त्यांची चैन होते. हृदयविकाराचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र या गरम-थंडाच्या खेळापासून दूर राहावे, किंवा डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

समुद्र जूनमध्ये अजून थंड असतो. तळी मात्र त्याआधीच तापतात. म्हणून हंगामाचा पूर्वार्ध अरण्यातील तळ्यांना द्यावा असे मी सुचवीन. वांताच्या हद्दीतील कुसियार्वीला बसने सहज जाता येते. तेथे वाळूचा काठ आहे, धुराची सौना आहे आणि मुलांची झुंबडही असते. एकांत हवा असेल त्याने एस्पोकडील नुक्सिओ हे १९९४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान पाहावे. तेथील तळ्यांचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींमुळे आलेला हा रंग घाणीचे लक्षण नव्हे. परंतु अशा पाण्यात हातभर खोलीपलीकडचे दिसत नाही, आणि वरचा थर उबदार असला तरी पाय खाली सोडताच थंडीची तीक्ष्ण धार लागते. तेथे जीवरक्षक नसतो. ज्याला पोहता येत नाही अशा व्यक्तीवरून क्षणभरही नजर काढू नये, कारण त्या गडद पाण्यात बुडालेले माणूस शोधणे फार दुष्कर असते.

फिनलंडमध्ये जुन्या वहिवाटीने प्रत्येकाला, मग तो नागरिक असो वा पाहुणा, रानात हिंडण्याचा आणि पाण्यात उतरण्याचा हक्क आहे. जमीन कोणाच्या मालकीची आहे हे विचारण्याची जरूर नसते. मर्यादा तेवढ्या पाळाव्यात : कोणाच्या घराच्या अंगणातून किंवा खासगी धक्क्यावरून उतरू नये, बंदरात व जहाजांच्या वाटेत पोहू नये, आणि परवानगीवाचून चूल पेटवू नये.

राहता राहिल्या काही सावधगिरीच्या गोष्टी. थंड पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि काही क्षण तो आवरता येत नाही. तेवढ्यात तोंड पाण्याखाली असले तर संकट ओढवते. म्हणून चालत उतरावे, मानेला व मनगटांना पाणी लावावे, श्वास संथ झाल्यावरच हात मारावा, आणि काठाला समांतर पोहावे. खडकावरून डोके खाली करून सूर मारू नये. हिमयुगाने सोडलेले प्रचंड धोंडे पाण्याखाली दडलेले असतात आणि पातळी रोज सारखी नसते. या देशात उन्हाळी बुडून मरणाऱ्यांत मद्य घेतलेल्या पुरुषांचा भरणा मोठा असतो, आणि जूनच्या उत्तरार्धातील युहान्नुसच्या सणाचा आठवडा त्या दृष्टीने कुप्रसिद्ध आहे. कार्यालयातील मित्रांनी त्या दिवशी तळ्याकाठच्या झोपडीवर बोलावले तर जरूर जावे, पण आधी पोहणे आणि मग पेयपान हा क्रम उलटू देऊ नये. अपघाताच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा. इंग्रजीत बोलले तरी चालते.

उथळ, उबदार आणि बदकांनी भरलेल्या पाण्यातून आल्यावर अंगावर खाजरे पुरळ उठले तर घाबरू नये. पक्ष्यांच्या शरीरातील एका सूक्ष्म परजीवीचा तो खेळ असतो आणि काही दिवसांत तो ओसरतो. पाण्यातून निघताच अंग खसखसून पुसले तर बहुधा होतच नाही. उन्हाच्या लाटेत पाणी वीस अंशांवर गेले असताना उघडी जखम असलेल्याने समुद्रात उतरू नये, कारण अशा वेळी या अल्पखारट पाण्यात जखम चिघळवणारे जंतू वाढतात. बेटांवरील उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचणारे रोग संभवतात. संध्याकाळी मुलांचे कान, काखा, गुडघ्यांमागचा भाग तपासून पाहावा. किनाऱ्यालगतच्या हिरवळीवर पांढऱ्या गालांच्या हंसांचे थवे चरत असतात आणि त्यांनी मागे ठेवलेला प्रसाद एवढा असतो की चटई पसरण्यापूर्वी जागा निरखून पाहिलेली बरी. खडक हा त्या दृष्टीनेही श्रेष्ठ.

शेवटी काळाविषयी. आपल्याकडून आईवडील येतात ते बहुधा मे महिन्यात, पुण्या-नागपुरातील उन्हाळ्यापासून सुटका म्हणून. आणि मेच्या पूर्वार्धात येथील समुद्र बहुधा दहा अंशही गाठत नाही. पाणी सर्वांत सुखाचे असते ते जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. फिनिश शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच उघडतात, म्हणून त्या महिन्यातील कामाच्या दिवशी सकाळी काल्लाहतीसारखी पुळण जवळजवळ आपल्याच मालकीची वाटावी इतकी मोकळी असते. त्या सुमारास बहुतेक ठिकाणचे जीवरक्षक मात्र उठून जातात, तेव्हा उथळ जागाच धरावी. आजीआजोबांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नसते. त्यांचे तिकीट जुलैच्या तिसऱ्या आठवड्याचे काढावे, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने अगोदरपासून करता येत असल्यामुळे उन्हाळी गर्दीच्या आधी, मार्चच्या आतच, तो दाखल करून मोकळे व्हावे.